सूचक कोण, अनुमोदक कोण? आमच्या गणेशोत्सव मंडळास खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, चिटणीस आणि कार्यकारिणीचे सर्व सभासद,
आपले गणेशोत्सव मंडळ, लष्कर, ग्वाल्हेर.

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्याच्या बैठकीला तापामुळे मला येता आले नाही. यंदाचा देखावा काय ठरला हे चौथ्या दिवशी कळले, तेही सुताराकडून. वायपरच्या मोटरचा वेग कमी कसा करायचा, हे विचारायला तो घरी आला होता. मंडळाचे चौतीस देखावे माझ्या हाताखालून गेलेत आणि सगळी नोकरी मोटरींशी झटण्यात गेली, त्यामुळे काही अडले की तो माझ्याकडे येतो. मी विचारले, हलवायचे काय आहे? तो म्हणाला, "एक आदमी गिरेगा, फिर उठेगा, फिर गिरेगा."

संध्याकाळी हॉलवर गेलो. डावीकडे भंगारातून आणलेली मोटरसायकल, तिच्यावर हेल्मेट घातलेले दोन पुतळे, मागच्याच्या हातात पिस्तूल. उजवीकडे प्लायवूडची हिरवी कमान आणि तिच्यातून बाहेर पडणारा पठाणी कुडत्यातला दाढीवाला. बटण दाबले की स्पीकरमधून गोळीचा आवाज येतो, लाल दिवा लागतो आणि दाढीवाला मागे कोसळतो. अकरा सेकंदांनी क्रँक फिरून त्याला पुन्हा उभा करतो. मागच्या पडद्यावर नावांची यादी, प्रत्येक नावापुढे बरोबरची खूण करायला चौकोन. सगळ्यांच्या वर कापून लावलेली अक्षरे : 'अज्ञात'. म्हणजे पाकिस्तानात भारताला हव्या असलेल्या माणसांना मोटरसायकलवरून येऊन गोळ्या घालणारे, बातम्यांतले 'अज्ञात' मारेकरी. काम चोख आहे, ते मी नाकारत नाही. पाडताना गुडघा आधी वाकतो, ही युक्ती मला तीस वर्षांत जमली नव्हती. आपल्यापैकीच एकाचा सात-आठ वर्षांचा नातू तिथे उभा होता. बटण उंचावर होते, त्याचा हात पोचेना. तो सुताराच्या पोराला म्हणत होता, "काका, परत पाड ना." त्याने पाडला. मी होतो तेवढ्या वेळात तो माणूस चौदा वेळा मेला.

मी आधी मंडळाच्या ग्रुपवर लिहिले. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर फक्त अॅडमिन लिहू शकतील अशी सोय झाली. मग चिटणीसांना भेटलो. "दादा, मुलांचा उत्साह आहे, मोडता घालू नका," एवढे उत्तर मिळाले. म्हणून हे खुले पत्र. मंडळाचे नाव यात घातलेले नाही, कोणा सभासदाचेही नाही, आणि त्याच न्यायाने इथे माझेही नाही. गावात ओळखणारे ओळखतील. माझ्या सहीची प्रत हॉलच्या फलकावर लावली आहे. ती काढू नये.

माझा यात काय संबंध, ते आधी सांगतो. जुन्यांना हे माहीत आहे, तरुणांना नसेल.

२७ जानेवारी १९४८ च्या रात्री नथुराम गोडसे आणि नारायण आपटे ग्वाल्हेरला गाडीतून उतरले. २० तारखेचा दिल्लीतला बॉम्बचा डाव फसला होता, त्यांना भरवशाचे पिस्तूल हवे होते. २८ तारखेला ते त्यांना आपल्या गावात मिळाले, इटालियन बनावटीचे बेरेटा. त्याच रात्री ते दिल्लीला परतले. लाल किल्ल्यातल्या खटल्यात ग्वाल्हेरच्या एका मराठी डॉक्टरांना जन्मठेप झाली, पुढे १९४९ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना सोडले. तीन आरोपी फरारी दाखवले गेले, तिघेही ग्वाल्हेरचे.

आमचे घर तेव्हा जनकगंजात. आजोबा शाळामास्तर. ३१ तारखेला त्यांना चौकशीला नेले, दोन दिवस बाकावर बसवून ठेवले आणि सोडून दिले. कारण एवढेच, की आडनाव मराठी आणि घरात पुण्याचे वर्तमानपत्र येई. आजी सांगे, की ३० च्या रात्री आमच्याच गल्लीतल्या एका घरातून पेढ्यांचा पुडा फिरला. कोणाच्या घरातून, हे तिने मरेपर्यंत सांगितले नाही.

बाबांची थोरली बहीण सातारा जिल्ह्यात दिलेली होती. सासरे कीर्तनकार, राजकारणाशी देणेघेणे नाही. त्या आठवड्यात सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात ब्राह्मणांची घरे शोधून शोधून पेटवली गेली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ जळाला. मुंबईत डॉ. नारायणराव सावरकरांना जमावाने दगडांनी ठेचले, ते पुढे सावरलेच नाहीत, ऑक्टोबर १९४९ मध्ये गेले. आत्याचेही घर गेले. ती दोन मुलांना घेऊन ग्वाल्हेरला आली, ती कायमची. येताना पदराखाली एक पितळी ताम्हन तेवढे होते. आगीत त्याची एक कड ओघळून खाली आली आहे. आमच्या देवघरात आजही तेच आहे. संध्येचे पाणी सोडले की त्या बाजूने सांडते, म्हणून खाली वाटी ठेवावी लागते. लहानपणी ती वाटी रिकामी करायचे काम माझ्याकडे होते.

आत्याच्या सासरच्यांनी गांधीजींना कधी डोळ्यांनी पाहिलेही नव्हते. पिस्तूल मिळाले आमच्या गावात आणि घर जळाले तिचे.

खटल्याचीही एक गोष्ट सांगतो. आठ आरोपी होते. नथुरामला भर कोर्टात आपले लांबलचक निवेदन वाचू दिले. आठांपैकी एक पहिल्याच कोर्टात सुटला, दोघे अपिलात सुटले. गांधीजींच्या मुलांपैकी मणिलाल आणि रामदास यांनी नथुरामला फाशी देऊ नये अशी विनंती केली. सरकारने ती मानली नाही, १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्यात फाशी झाली. देश नुकता फाळणीतून निघालेला, त्याचा सर्वांत मोठा माणूस मारला गेलेला, आणि तरी हा सगळा सोपस्कार पाळला गेला. आपल्या देखाव्यातल्या दाढीवाल्याला अकरा सेकंद मिळतात.

पुढे आपल्याच गावात काय झाले? नोव्हेंबर २०१७ मध्ये दौलतगंजात नथुरामचा अर्धपुतळा बसवला गेला, प्रशासनाने तो उचलला. १० जानेवारी २०२१ ला तिथेच त्याच्या नावाची 'ज्ञानशाळा' उघडली, दोन दिवसांत बंद करावी लागली. पुढच्याच महिन्यात, पुतळ्याच्या कार्यक्रमात असलेल्या एका नगरसेवकाला काँग्रेसने हार घालून पक्षात घेतले. तेव्हा यात एकाच पक्षाचा मक्ता आहे असे कोणी समजू नये. त्या वेळी मंडळाने निषेधाचे दोन शब्द काढावेत असे मला वाटले होते. उगाच कशाला, म्हणून मीही गप्प बसलो. ती बाकी आता फेडतो आहे.

१९९६ चा आपला देखावा आठवतो का? शनिवारवाडा केला होता, पुठ्ठ्याचा, दिल्ली दरवाजासकट. त्यातल्या रामशास्त्र्यांचा आवाज माझ्या बाबांचा होता. टेप अजून माझ्याकडे आहे. ३० ऑगस्ट १७७३, ऐन गणेशोत्सवाचे दिवस. गारदी वाड्यात घुसले, अठरा वर्षांचा नारायणराव काकांच्या कमरेला मिठी मारून बसला, आणि चाफाजी टिळेकर नावाचा सेवक धन्याच्या अंगावर आडवा पडला. दोघेही कापले गेले. पुढची आख्यायिका मराठी घरातल्या पोराला सांगावी लागत नाही : राघोबादादांची चिठ्ठी 'धरावे' अशी होती, तिचे 'मारावे' झाले, 'ध' चा 'मा' झाला. हे आनंदीबाईंच्या माथी मारले गेले आहे. माझ्या मते त्या बाईवर अन्यायच झाला, पण तो वाद वेगळा. रामशास्त्र्यांनी चौकशी केली आणि गादीवर बसलेल्या माणसाच्या तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितले, मग पुणे सोडले.

त्या गोष्टीचे मर्म मला पुष्कळ उशिरा कळले. सत्तेला माणूस मारायचा असतो तेव्हा चिठ्ठी नेहमी 'धरावे' अशीच असते. खोडलेले अक्षर कोणाचे, हे कळू नये अशीच सगळी रचना असते. अमेरिकेच्या सिनेटची, सिनेटर चर्च यांच्या अध्यक्षतेखालची समिती १९७५ मध्ये हेच शोधत बसली होती. क्यूबाच्या कॅस्ट्रोला मारण्याचे निदान आठ कट तिला सापडले. अध्यक्षांचा स्पष्ट हुकूम मात्र सापडला नाही. दुसऱ्या वर्षी अध्यक्ष फोर्ड यांनी राजकीय हत्यांवर बंदी घातली. ती किती पाळली गेली, ते ड्रोनच्या काळात जगाने पाहिले.

आपल्याकडे पाहा. एप्रिल २०२४ मध्ये एका ब्रिटिश दैनिकाने लिहिले, की पाकिस्तानातल्या अशा हत्यांमागे भारत आहे. परराष्ट्र खात्याने ते साफ नाकारले, असे करणे हे आमचे धोरणच नाही असे सांगितले. त्याच आठवड्यात संरक्षणमंत्री वाहिनीवर म्हणाले, की दहशतवादी पाकिस्तानात पळाला तर तिथे घुसून मारू. कॅनडात सरे इथे १८ जून २०२३ ला झालेल्या खलिस्तानवादी हरदीपसिंग निज्जरच्या हत्येचा आरोप सरकारने फेटाळला आहे. न्यूयॉर्कमध्ये दुसऱ्या खलिस्तानवाद्याला, पन्नूला, मारण्याच्या फसलेल्या कटाबद्दल मात्र आपल्याच सरकारने चौकशी समिती नेमली, आणि जानेवारी २०२५ मध्ये तिने एका व्यक्तीवर कायदेशीर कारवाई करावी अशी शिफारस केली.

आता कार्यकारिणीने मला एवढेच समजावून सांगावे. जे आम्ही केले नाही असे देशाचे सरकार म्हणते, ते आमच्या देशाने केले असे आपण दिवे लावून, गोळीच्या आवाजासकट, दहा दिवस दाखवणार आहोत. म्हणजे सरकार खोटे बोलते असे मंडळाचे मत आहे? तसे असेल तर तसे ठरावात लिहा. नसेल तर देखावा खोटा आहे, आणि खोट्याला वर्गणी कशाला?

माझ्या हरकती अशा.

पहिली त्या यादीची. यादी कोणी केली? मी सुताराला विचारले, त्याने चिटणीसांकडे बोट दाखवले. चिटणीस म्हणाले, मोबाइलवर आली होती. मोबाइलवर आलेल्या यादीवर आपण सात वर्षांच्या मुलाला खुणा करायला लावणार. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत १६६ माणसे मेली, तेव्हाचा संताप आठवा. कसाबला वकील कशाला, असे मीही या हॉलमध्ये बसून म्हणालो होतो. पण त्याला वकील दिला, तीन कोर्टे झाली, २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली. त्याच खटल्यात दोन भारतीय मुसलमान आरोपी होते, नकाशे पुरवल्याचा आरोप होता. ते दोघे सुटले. खालच्या कोर्टात सुटले, उच्च न्यायालयात सुटले, सर्वोच्च न्यायालयातही सुटले. २००८ च्या डिसेंबरात आपल्या मंडळाने यादी केली असती तर त्यात त्या दोघांची नावे असती, आणि आपण पहिल्या तासाभरात त्यांच्यापुढे खुणा करून मोकळे झालो असतो.

चूक फक्त हौशी लोकांची होते असे नाही. म्युनिकच्या ऑलिंपिकमध्ये १९७२ साली अकरा इस्राएली खेळाडू आणि प्रशिक्षक मारले गेले. त्याचा सूड घ्यायला निघालेली इस्राएलची माणसे दुसऱ्या वर्षी, २१ जुलै १९७३ ला, नॉर्वेतल्या लिलेहामर या गावी पोचली आणि तिथे त्यांनी सिनेमा पाहून गरोदर बायकोबरोबर घरी चाललेल्या एका मोरोक्कन वेटरला गोळ्या घातल्या. भलताच माणूस. तेवीस वर्षांनी इस्राएलने कुटुंबाला पैसे दिले, जबाबदारी मान्य न करता. काबूलमध्ये २९ ऑगस्ट २०२१ ला अमेरिकी ड्रोनने एक गाडी उडवली. गाडीत स्फोटके नव्हती, पाण्याची पिंपे होती. दहा माणसे गेली, त्यांत सात मुले. चूक कबूल झाली, शिक्षा कोणालाच झाली नाही.

दुसरी हरकत अशी, की असली माणसे पोसणाऱ्याच्या अंगणात ती फिरून येतात. पाकिस्तानचे उदाहरण आपण सगळे आवडीने देतो, आणि ते खरेच आहे. सीमेपलीकडे सोडायला म्हणून जे वाढवले त्याच गोतातल्या लोकांनी १६ डिसेंबर २०१४ ला पेशावरच्या शाळेत १३० हून अधिक मुले मारली. (आपल्या पत्त्यात 'लष्कर' आहे म्हणून २००९ मध्ये दादरच्या एका लॉजवाल्याने माझे ओळखपत्र तीनदा उलटसुलट करून पाहिले होते. त्याला शिंद्यांच्या छावणीचा इतिहास सांगता सांगता माझी खोली दुसऱ्याला गेली.) पण आपलेही एक उदाहरण आहे, ते आपण देत नाही. १९८३ नंतर श्रीलंकेतल्या तमिळ बंडखोरांना भारतानेच शिबिरांत शिकवले, त्यांत 'वाघ' म्हणजे लिट्टेही होते. त्याच वाघांशी लढताना १९८७ ते १९९० मध्ये आपले अकराशेहून अधिक जवान गेले. आणि २१ मे १९९१ च्या रात्री श्रीपेरुम्बुदूरला राजीव गांधी. तेव्हा आपल्या हॉलमध्ये शोकसभा झाली होती, मीच माइक लावला होता. त्या मुलीला बॉम्बचा पट्टा बांधणाऱ्यांना हत्यार धरायला कोणी शिकवले, हे तिथे कोणी बोलले नाही. वाईट दिसले असते.

तिसरी हरकत पैशाची, आणि ती मला जास्त टोचते. देखाव्याला ५१ हजार रुपये वॉर्डाच्या लोकप्रतिनिधींकडून आले आहेत आणि उद्घाटनाला पोलीस खात्यातले वरिष्ठ अधिकारी बोलावायचे ठरले आहे. ज्या खुनाचा आरोपी 'अज्ञात' आहे त्याच्या देखाव्याची फीत पोलीस कापणार! पोलिसांच्या भाषेत अज्ञात म्हणजे ज्याला अजून पकडायचे आहे तो. मारणाऱ्याच्या पाठीवर सत्तेचा हात पडला की काय होते हे आपण १५ ऑगस्ट २०२२ ला पाहिले. बिल्कीस बानोंच्या घरातली माणसे मारणारे आणि तिच्यावर अत्याचार करणारे अकरा जण गुजरात सरकारने मुदतीआधी सोडले, बाहेर त्यांना हार आणि पेढे मिळाले. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२४ ला त्यांना परत आत पाठवले. पेढे वाटणारे मात्र बाहेरच राहिले. आजीने न सांगितलेल्या त्या घरासारखेच.

चौथी हरकत लहान आहे. ती कमान हिरवी का? महादजी शिंद्यांनी ज्या मन्सूरशहांना गुरू मानले, त्यांच्यापुढे गोरखीत शिंदे घराणे आजही डोके टेकवते. आणि आपल्या मांडवाचे कापड तीस वर्षे ज्या दुकानातून येते, तिथले चाचा यंदा कापड मोजून द्यायला स्वतः येतील. त्या कमानीखालूनच त्यांना आत यावे लागेल. कार्यकारिणीपैकी कोणी त्या वेळी तिथे उभे राहणार आहे का?

आता तुमच्या बाजूचे. तुम्ही म्हणाल, पहलगाम विसरलात का? नाही. २२ एप्रिल २०२५ ला २६ माणसे मारली गेली, त्यांत सहा महाराष्ट्रातली. आमच्या भाच्याचे कुटुंब त्याच आठवड्यात श्रीनगरला होते. तीन तास फोन लागत नव्हता, ते तीन तास मी ताम्हनाखालच्या वाटीकडे बघत देवघरात बसलो होतो. ७ मेच्या पहाटे सैन्याने हल्ले केले, सकाळी गणवेशातले अधिकारी देशासमोर आले, कुठे मारले ते नकाशावर दाखवले. ते बरोबर की चूक यावर माणसे वाद घालू शकतात, संसदेत घातलाही. वाद घालता आला, कारण त्यावर देशाची सही होती. तुम्हाला सैन्याचा देखावा करायचा असता तर मी मोटर बसवून दिली असती. तुम्ही तो केला नाहीत. तुम्हाला हेल्मेटवाला हवा होता.

दुसरे म्हणाल, मग चाफेकरांचे काय? हा प्रश्न मला स्वतःलाच सुटलेला नाही, म्हणून टाळत नाही. २२ जून १८९७ ला रँडवर गोळी झाडली, रँडबरोबर आयर्स्टही गेला. १९०९ साली नाशिकच्या नाट्यगृहात कान्हेऱ्यांनी जॅक्सनला मारले; हा जॅक्सन संस्कृत जाणणारा होता, लोक त्याला पंडित म्हणत. शाळेत असताना मी चाफेकरांवर भाषण करून बक्षीस मिळवले आहे आणि ते परत करणार नाही. पण त्या पोरांच्या मागे सरकार नव्हते, सरकार समोर होते. फासावर जाणार हे त्यांना ठाऊक होते आणि ते गेले, घरातले तिघे भाऊ गेले. कान्हेरे तर जागेवरच पकडले गेले. हेल्मेट नव्हते. त्यांना आणि या मोटरसायकलवाल्यांना एका ओळीत बसवणाऱ्याने चाफेकर नीट वाचलेले नाहीत, एवढे मी म्हणेन. त्यापुढचे माझे मलाच ठरवता आलेले नाही.

आणि एक देखावा तुम्ही विसरलात, तो आठवून देतो. जून २०२३ मध्ये कॅनडात ब्रॅम्प्टनला खलिस्तानवाद्यांच्या मिरवणुकीत एक चित्ररथ निघाला. पांढऱ्या साडीवर रक्त, हात वर केलेली बाई, तिच्यावर बंदुका रोखलेले दोन पगडीवाले. इंदिराजींचा खून, चाकांवर. परराष्ट्रमंत्र्यांनी निषेध केला, तो योग्यच होता. आपल्या ग्रुपवर, तेव्हा सगळ्यांना लिहिता येत होते, अध्यक्षांनी लिहिले होते की खुनाची जत्रा करणाऱ्या लोकांना माणूस म्हणायचे का. मी खाली हात जोडलेले चित्र टाकले होते. तो निरोप अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. त्या चित्ररथातल्या पुतळ्यांना मोटर नव्हती, एवढाच आपला सरसपणा.

मागण्या थोड्या आहेत.

देखावा उतरवावा. मोटरसायकल, मोटर, क्रँक वाया जाणार नाहीत. गुडघा वाकवण्याची ती युक्ती वापरून सुताराला हवे तर मी कुवलयापीड हत्ती करून देईन. पाच दिवस पुरतात, आपण १९८८ मध्ये तीन दिवसांत केला होता.

लोकप्रतिनिधींचे ५१ हजार पावतीसह परत करावेत, किंवा ते कशासाठी दिले आहेत हे त्यांच्याकडून लेखी घ्यावे. पोलीस अधिकाऱ्यांना आरतीला अवश्य बोलवावे, फीत कापायला नाही.

यादीचा पडदा जाळू नये. मला द्यावा. त्यावरची नावे कुठून आली, त्यांतली कितीजणांवर कुठल्या कोर्टात काय सिद्ध झाले आहे, हे मी आणि मंडळातले दोन वकील बसून लिहून काढू. काही नावे अगदी योग्य असतील. ते कळायलाही कोणीतरी बसून पाहायला हवे.

ग्रुप सगळ्यांसाठी उघडावा.

शेवटची मागणी इतिवृत्ताच्या वहीची. काल मी ती पाहिली, सभासद म्हणून मला तो अधिकार आहे. त्या बैठकीच्या पानावर लिहिले आहे : "यंदाचा देखावा 'अज्ञात' या विषयावर करण्याचे सर्वानुमते ठरले." खाली 'सूचक' आणि पुढे रिकामी जागा, 'अनुमोदक' आणि पुढे रिकामी जागा. मंडळाच्या साठ वर्षांच्या वह्या माझ्या हाताखालून गेल्या आहेत. साखरभाताऐवजी मसालेभात करावा या ठरावालाही सूचक आणि अनुमोदक आहेत, मसालेभाताचा सूचक मीच होतो. या एकाच पानावर कोणी नाही. मी पाच जणांना विचारले, प्रत्येकाने दुसऱ्याचे नाव सांगितले.

ज्यांना हा देखावा हवा आहे त्यांनी चतुर्थीच्या आत त्या दोन जागा भराव्यात. वही हॉलच्या टेबलाच्या वरच्या खणात आहे, पेन तिला सुतळीने बांधलेले आहे.

आपला,
सजावट विभागाचा जुना प्रमुख,
लष्कर, ग्वाल्हेर